पुढच्या शब्दाआधी

व्रात्सा,
४ फेब्रुवारी २०१९

प्रिय बिल्याना,

फोन करायचा सोडून आत्या हे काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण फोन करायचा तर स्वयंपाकघरातून, आणि स्वयंपाकघरात मेतोदी बसलेला असतो. हिवाळ्यात आमच्या घरात तेवढी एकच खोली ऊब धरते. त्याची जीभ अडली आहे, कान नाही. त्याच्यासमोर 'तो असं करतो, तो तसं करतो' म्हणून दुसऱ्याला सांगायचं मला जड जातं. मागे तुझ्या बाबांशी मी तसं बोलले, तर मेतोदी उठून बाल्कनीत गेला आणि लोणच्याच्या बरण्यांकडे तोंड करून थंडीत उभा राहिला. तेव्हापासून त्याच्याबद्दल काही बोलायचं असलं की मी लिहूनच बोलते.

ऑक्टोबरात त्याला झटका आला, त्यानंतरचं बाबांनी तुला थोडंफार सांगितलं असेल. हात जवळजवळ पहिल्यासारखा झाला. सूप आपलं आपण पितो, बूट घालतो, खालच्या मजल्यावरच्या पानायोतला पत्त्यांत हरवतो. समजतंही सगळं. बोलायला गेलं की मात्र शब्द येत नाही, किंवा येतो तो भलताच. मीठ हवं असतं आणि 'मंगळवार' म्हणतो, मग स्वतःवरच चिडतो. ज्याची सगळी हयात नाटकात गेली, ज्याचा आवाज शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हातारीलाही ऐकू जायचा, त्याच्यावर ही पाळी.

उपचार केंद्रात कापका म्हणून एक मुलगी त्याला बोलायला शिकवते. मुलगी म्हणजे चाळिशीची, पण माझ्या लेखी मुलगीच. घरी सराव करायला तिने टॅब्लेट दिला आहे. त्यात चित्र येतं, आवाज विचारतो, 'हे काय आहे?' मग थोडं थांबून तोच आवाज उत्तर सांगतो आणि पुढचं चित्र येतं. पण थोडं म्हणजे इतकं थोडं, की मेतोदीने तोंड उघडेपर्यंत आवाज 'मांजर' म्हणून मोकळा होतो आणि मांजर जाऊन तिथे कुलूप येतं. मी शेजारी बसलेली असतेच मदतीला, पण यंत्रापुढे माझं काय चालणार? परवा त्याने चष्मा काढून भिंतीवर मारला. आता टॅब्लेट दिसला की तो डोळेच मिटून घेतो.

कापका म्हणते, त्यांच्या यंत्रणेत तो थांबा वाढवता येत नाही. कुणी वेगळा पाठ लिहून दिला तर मात्र तो चढवता येतो. मी म्हटलं, माझी भाची वार्नात हेच काम करते. तू हॉटेलांची इंटरनेटवरची पानं बनवतेस ना, खोल्या राखून ठेवायची? मग एवढं तुला जमेल. थांबा किती हवा म्हणशील, तर कॉफीचा एक घोट घेऊन कप सावकाश बशीत ठेवण्याइतका.

कापका असंही म्हणाली की जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षातच येतं. हे तिने मला बाहेर व्हरांड्यात सांगितलं. त्याला ठाऊक नाही.

सवड झाली तर एकदा येऊन जा. तो तुझी आठवण काढतो. म्हणजे तुझ्या फोटोकडे बोट दाखवतो.

तुझी,
दोनका आत्या


वार्ना,
९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र वाचून लगेच कापकाबाईंना फोन केला. त्या चांगल्या वाटल्या. पाठ मी लिहितेय, तू त्याची काळजी सोड.

हे पाठ ब्राउझरमध्येच चालतात, आणि खरं तर थांबणं ही ब्राउझरमधली सगळ्यात सोपी गोष्ट. त्यात गजर लावायची सोय असते. 'इतका वेळ झाला की मला हाक मार' एवढं सांगून ठेवायचं आणि आपण आपल्या कामाला लागायचं. मी बसल्या बैठकीला तसा पाठ लिहून पाठवला. कापकाबाईंनी चढवला, तर पहिलं चित्र आलं ते ठाण मांडूनच बसलं. शोध घेतल्यावर कळलं की त्यांच्या यंत्रणेत गजर लावायची सगळी साधनंच काढून टाकली आहेत. पूर्वी कुणीतरी एक पाठ लिहिला होता. तो बंद केला तरी त्याचे गजर मागे वाजत राहायचे आणि पेशंटांचे टॅब्लेट रखडायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं. त्या एकापायी सगळ्यांचेच गजर गेले. यंत्रणा बनवणाऱ्यांना मी विनवणी केली. त्यांनी गोड शब्दांत नाही म्हटलं.

मग मी दुसरी वाट काढली. गजर नाही, पण घड्याळ आहे. म्हणजे आत्ता किती वाजले एवढं विचारता येतं. मी पाठाला सांगितलं : घड्याळ बघ. झाली का वेळ? नाही? पुन्हा बघ. वेळ होईपर्यंत बघत राहा, मग पुढचं चित्र दाखव. साधंसुधं आहे, पण चालायला हवं. चमचा, सफरचंद, मांजर, कुलूप अशी सोपी चित्रं ठेवली आहेत.

यायचं म्हणशील तर हॉटेलवाल्यांची धावपळ आत्तापासूनच सुरू झाली आहे. बघते.

काकांना माझा नमस्कार सांग.

बिल्याना


व्रात्सा,
१५ फेब्रुवारी

प्रिय बिल्याना,

तुझा पाठ आला. चमचा आला. आवाजाने विचारलं, 'हे काय आहे?' आणि टॅब्लेट मेला.

मेला म्हणजे अगदी गार. मेतोदीने बोटाने टोचलं, काही नाही. मग पाचही बोटांनी टोचलं. उलटा केला, कानाला लावला. शेवटी त्याला टेबलावर आडवा ठेवला, अंगावर माझा भांडी पुसायचा रुमाल पांघरला आणि पाद्रीबुवांसारखा गंभीर चेहरा करून त्याच्यावर क्रूस काढला. पानायोत पत्ते खेळायला आलेला होता, त्याला हसून हसून ठसका लागला. तेवढ्यात रुमालाखालून आवाज आला, 'चमचा.' आणि मेल्याने आत्तापर्यंत खाल्लेली सगळी बोटं एकदम ओकून टाकली. सफरचंद, मांजर, कुलूप, छत्री, सगळी चित्रं पळत सुटली.

मेतोदी हसला, बिल्याना. ऑक्टोबरनंतर मी त्याला पहिल्यांदा पोट धरून हसताना बघितलं. तेवढ्यासाठी तुझे उपकार. बोलला मात्र नाही.

आणि चमचा त्याला नको आहे. चमचा आला की तो हाताने दूर सारतो, हॉटेलात चुकीचं ताट आल्यासारखं. कापका म्हणते, त्याच्या रोजच्या आयुष्यातले शब्द घ्या. मग मी सांगते : किटली, घेवडा, खुर्ची, विग, पडदा, राकिया. राकियाचा फोटो पानायोत काढून देतो म्हणाला. त्यासाठी आधी बाटली उघडावी लागेल म्हणाला.

दोनका आत्या


वार्ना,
२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

चूक माझीच. मी त्या बिचाऱ्याला घड्याळाकडे टक लावून उभं केलं. ब्राउझरला हात एकच. त्याने घड्याळ बघत बसायचं ठरवलं की त्याला तेवढंच दिसतं. मग कोणी टोचलं तरी तो 'हो, थांबा' म्हणत नाही. टोचण्या साठत राहतात आणि सुटका झाली की सगळ्या एकदम अंगावर येतात, दर टोचणीला एक चित्र पुढे. हे मला कळायला हवं होतं. कॉलेजात मी स्वतः हाच नियम पाठ केला होता.

आता वेगळं केलं आहे. वेळ मोजायचाच नाही. ज्याला आपोआप वेळ लागतो असं काहीतरी सुरू करून द्यायचं, आणि ते संपलं की ब्राउझरनेच येऊन सांगायचं. मी चित्राच्या वर एक छोटा ढग ठेवला आहे. तो डावीकडून उजवीकडे सावकाश सरकतो. कडेला पोचला की ब्राउझर सांगतो, 'पोचला', आणि मग उत्तर येतं. ढग सरकवायला गजर लागत नाही, त्यामुळे यंत्रणेची हरकत नाही. आणि ढग जात असताना काका कुठेही बोट लावोत, टॅब्लेट जिवंत राहील. तू म्हणालीस ते सगळे शब्द घातले आहेत. राकियाही.

एक विचारायचं होतं. कापकाबाई म्हणाल्या की केंद्रात काका हल्ली काही शब्द बरोबर सांगतात. हळू, पण सांगतात. घरच्या सरावात मात्र एकही नाही. तिथला टॅब्लेट नवा आहे आणि तुमचा जुना, त्यामुळे असेल का? तुला काय वाटतं?

बिल्याना


व्रात्सा,
३ मार्च

प्रिय बिल्याना,

ढग काही सरकला नाही. प्रश्न आला, ढग एका झटक्यात उजव्या कडेला दिसला आणि लगेच उत्तर. आधीच्यापेक्षाही जलद. पानायोतने खटपट केली तेव्हा कळलं की बॅटरी वाचावी म्हणून त्यानेच कधीतरी टॅब्लेटमधली सगळी हालचाल बंद करून ठेवली होती. ती चालू केल्यावर ढग चालू लागला.

चालू लागला आणि आणखी वाईट झालं. मेतोदी चित्र सोडून ढगाकडेच बघत राहतो. ढग अर्ध्यावर आला की त्याच्या कपाळाला घाम फुटतो. कडेजवळ आला की तो श्वासच धरतो, जसं काही रेल्वे सुटते आहे आणि हा अजून फलाटाच्या जिन्यावर आहे. मी त्याच्या हातावर हात ठेवते, तरी उपयोग नाही. दोन दिवसांनी त्याने पुन्हा डोळे मिटायला सुरुवात केली.

केंद्रातलं विचारलंस. तिथे ऊन येतं, खोली गरम असते, कापका तरुण आहे. बायकोपेक्षा परक्या बाईसमोर कुठलाही पुरुष जास्तच शहाणा वागतो. मला तिथे आत बसू देत नाहीत, त्यामुळे तो काय बोलतो ते मी ऐकलेलं नाही. घरी मी काही कमी करत नाही. लोक म्हणतात बायका बडबड करून रोग्याला हैराण करतात. मी प्रॉम्प्टर होते, बिल्याना. रंगमंचाच्या पुढच्या खाचेतल्या त्या पेटीत बसून मी जन्म काढला. गप्प बसणं हाच माझा पेशा होता.

परवा मार्चची पहिली, म्हणून त्याच्या मनगटावर लाल-पांढऱ्या धाग्यांची मार्तेनित्सा बांधली. पांढरा धागा त्याने स्वतः ओढून घट्ट केला, त्या आजारी हाताने. तू या वर्षी कुणाच्या हातची बांधलीस?

आत्या


वार्ना,
११ मार्च

प्रिय आत्या,

रागावलीस का? मी टॅब्लेटबद्दल विचारत होते, तुझ्याबद्दल नाही. मार्तेनित्सा शेजारच्या टेबलावरच्या मुलीने बांधली. गाठ सैल आहे, पण अजून टिकली आहे.

ढग काढून टाकला. तुझं पत्र वाचून मला माझाच राग आला. सावकाश बोलणाऱ्या माणसासमोर मी पळणारी गोष्ट ठेवली. थांबा दिसताच कामा नये. नुसता असावा.

आता हे ऐक. ब्राउझरला आवाज वाजवता येतो, आणि आवाज संपला की तो आपणहून सांगतो, 'संपला'. तर मी त्याला असा आवाज वाजवायला दिला ज्यात काहीच नाही. एक कोरी शांतता, तुझ्या कॉफीच्या घोटाइतकी लांब. ती संपली की उत्तर. गजर नाही, ढग नाही, काही सरकत नाही. एवढंच, की ब्राउझर स्वतःहून कुठलाही आवाज सुरू करू देत नाही. आधी माणसाने पडद्याला हात लावावा लागतो. मला वाटलं ही अडचण आहे. कापकाबाई म्हणाल्या, छान झालं, सुरुवात ते स्वतः करतील.

फक्त कोरी शांतता त्यांना पसंत पडली नाही. त्यांनी ती केंद्रात वाजवून बघितली. म्हणाल्या, स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं, पेशंट गोंधळून मान वर करतात. त्यापेक्षा घरातलाच आवाज घाला, रोजचा.

म्हणून तुझ्याकडे काम आहे. कापकाबाईंनी दिलेली चित्रांची कार्डं काकांच्या पुढे ठेव, म्हणजे ते सरावाला बसतात तसेच बसतील. तू नेहमीच्या जागी बस. फोनवर रेकॉर्डिंग सुरू कर आणि स्वयंपाकघर जसं आहे तसं टिपून घे. एकेक कार्ड पुढे करायचं आणि थोडा वेळ जाऊ द्यायचा. दोन-तीनदा कर. त्यातलं चांगलं मी कापून घेईन. मात्र मधे बोलू नकोस हं.

बिल्याना


वार्ना,
२२ मार्च

प्रिय आत्या,

तिन्ही रेकॉर्डिंगं पोचली. कानाला लावून ऐकली आणि मला तुमच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटलं. फ्रिज कण्हतो आणि मग अंग झाडून गप्प होतो. घेवड्याच्या भांड्यावरचं झाकण थरथरतं. खाली कुणीतरी गालिचा झटकतं आहे, पानायोतची बायकोच असणार.

पण एक अडचण आहे, आणि ती कशी सांगावी यात दोन दिवस गेले. कार्ड टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो, आणि त्यानंतर लगेच कुणीतरी कुजबुजतं. पहिल्यात 'किटली'. दुसऱ्यात 'खुर्ची'. तिसऱ्यात 'विग'. फार हळू, पण अगदी स्पष्ट. एकेक अक्षर मोजून घ्यावं असं. कुठल्याही शब्दाआधी एवढासुद्धा खंड नाही.

मी ते कापायचा प्रयत्न केला. कापल्यावर उरतं ते फार थोडं आहे.

पुन्हा एकदा करशील?

बिल्याना


व्रात्सा,
२५ मार्च

बिल्याना,

मी काहीही बोललेले नाही. तोंड मिटून बसले होते. तुझ्या यंत्रात काहीतरी मिसळलं असेल, नाहीतर पानायोतकडच्या टीव्हीचा आवाज असेल.

आत्या


व्रात्सा,
३१ मार्च

प्रिय बिल्याना,

मागचं पत्र फाडून टाक.

मेतोदी केंद्रात गेला होता तेव्हा पानायोतकडून कानात घालायच्या त्या गोळ्या आणल्या आणि फोनवरची ती रेकॉर्डिंगं ऐकली. माझाच आवाज. ओठ न हलवता, पुढच्या दोन पावलांपलीकडे जाणार नाही असा. त्याच आवाजावर मी पगार घेतला. आणि तुझ्या आजीची शपथ, मला पत्ताच नव्हता. हात आपोआप मीठ घालतो तसा आवाज आपोआप जात होता. ऑक्टोबरपासून किती वेळा गेला असेल, देव जाणे. तो बिचारा तोंड उघडायचा, तोवर मी शब्द त्याच्या पुढ्यात आणून ठेवायची. ठेवलेला शब्द तो उचलायचा नाही. रंगमंचावरसुद्धा, गरज नसताना मी प्रॉम्प्ट दिला की तो मुद्दाम तो शब्द गाळायचा आणि नंतर विंगेत माझ्याशी भांडायचा.

तुला एक गोष्ट सांगते, म्हणजे माझं डोकं कसं चालत होतं ते कळेल. नट थांबतो तेव्हा एकतर तो थांबलेला असतो, नाहीतर विसरलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. चांगल्या प्रॉम्प्टरला फरक श्वासावरून कळतो. विसरलेला नट श्वास धरून ठेवतो. थांबलेला नट श्वास घेतो. मेतोदी लांब थांबण्यासाठी प्रसिद्ध होता, प्रेक्षक खुर्चीच्या कडेला यायचे, नवे दिग्दर्शक घाबरून माझ्याकडे बघायचे, आणि मी पेटीत निवांत बसलेली असायची. त्याचा श्वास मला पुस्तकासारखा वाचता यायचा. झटक्यानंतर तो श्वास बदलला. आता मला तो वाचता येत नाही, बिल्याना. म्हणून त्याचं प्रत्येक थांबणं मी विसरणंच समजत गेले. त्याच्यासाठी घाबरत होते की माझ्यासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तो केंद्रातून आला तेव्हा त्याला काही बोलले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर मी कार्डं मांडली, फोन सुरू केला आणि माझ्यावर माझाच भरवसा नाही म्हणून तोंडात पाण्याचा मोठा घोट धरून बसले.

पहिलं कार्ड किटलीचं. मी ठेवलं. फ्रिज कण्हत होता. मेतोदीने किटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाणी धरून बसलेले, गाल फुगलेले. तो वाट बघत होता. माझ्या शब्दाची वाट बघत होता ग, तो आला की नेहमीप्रमाणे त्याकडे पाठ फिरवायला. शब्द आला नाही. फ्रिज अंग झाडून गप्प झाला. घशात पाणी उतरू बघत होतं. तरी मी हलले नाही.

मग त्याने टेबलावर ओणवं होऊन माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं, एक भुवई वर केली, श्वास घेतला, आणि अगदी स्वच्छ आवाजात विचारलं,

"विसरलीस?"

माझ्या तोंडातलं सगळं पाणी कार्डांवर, फोनवर आणि त्याच्या स्वेटरवर. मी हसत होते की रडत होते कोण जाणे, दोन्ही एकदम होत असावं. तो तसाच बसून होता, नाकावरून पाणी ओघळत, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते भाव होते जे प्रेक्षकांनी टाळ्या थांबवायला नकार दिला की यायचे. मग त्याने किटलीचं ओलं कार्ड दोन बोटांत धरून उचललं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "मंगळवार." आणि स्वतःच हसला. मीही म्हटलं, चालेल, मंगळवार तर मंगळवार, टाकते चहा.

'किटली' त्याने संध्याकाळी म्हटली. मी भांडी घासत होते, पाठ त्याच्याकडे होती. मी विचारलंही नव्हतं.

ते पाण्याचं रेकॉर्डिंग तुला पाठवते आहे, पण ते पाठासाठी नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा केलं आहे, तेही सोबत आहे. त्यात कुणी बोललेलं नाही. तपासून घे.

आत्या


वार्ना,
६ एप्रिल

प्रिय आत्या,

तपासलं. कुणी बोललेलं नाही. फ्रिज, झाकण, कबुतरं, आणि एकदा कुणाचं तरी पोट वाजलं आहे. ते मी राहू दिलं.

पाठ आता असा आहे. काका चित्राला बोट लावतात. आवाज विचारतो. मग तुमचं स्वयंपाकघर वाजू लागतं, ते वाजून संपलं की ब्राउझर येऊन सांगतो, आणि त्यानंतरच उत्तर येतं. त्याआधी काका बोलले तर पुन्हा बोट लावून पुढे जातात. कापकाबाईंनी तो आणखी दोन घरांसाठी मागितला, त्या त्या घरच्या आवाजांसकट. त्यातल्या एका घरात पोपट आहे आणि तो सगळी उत्तरं आधीच सांगतो. त्या बाईंना काय सल्ला द्यावा ते मी तुला विचारणार आहे.

पाण्याचं रेकॉर्डिंग मी ऑफिसात ऐकलं. ते चुकलंच. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझे काका बोलले. ती म्हणाली, काय म्हणाले? मला धड सांगता येईना.

आत्या, हॉटेलांची धावपळ आहे हे खरं, पण दरवर्षीच असते. मी येत नव्हते कारण काकांसमोर बसून काय करायचं ते मला कळत नव्हतं. लहानपणी ते बोलायचे आणि मी ऐकायची, एवढंच आमचं नातं. ते बोलत नाहीत तर मी काय करू, अशी भीती वाटायची. ईस्टरच्या आठवड्याची रजा टाकली आहे. पंचवीस तारखेला, गुरुवारी सकाळच्या गाडीने निघते.

येताना काय आणू?

बिल्याना


व्रात्सा,
१७ एप्रिल

प्रिय बिल्याना,

हे पत्र तुझे काका सांगत आहेत आणि मी लिहून घेते आहे. मधे मी एकही शब्द घातलेला नाही. जिथे रेघ आहे तिथे तो थांबला. कधी त्या रेघेत मी घेवड्याचं भांडं चुलीवर चढवून परत आले.

'बिल्याना. — भाची. — खेळ चांगला. चमचा गेला, बरं झालं. — थांबा फार लांब. छाट. मी — म्हातारा आहे, वेळ नाही. — राकियाचं चित्र — खोटं. बाटली रिकामी. पानायोत चोर. — मासा आण. खारवलेला. मोठा. — घाबरू नको. मी बोलेन थोडं, तू — तू पण बोल. — तुझी आत्या गप्प बसते. सारखी. — मला भीती वाटते.'

शेवटचं वाक्य लिहिताना माझा चष्मा धुरकटला, तेव्हा तो मध्येच थांबला, मी काच पुसेपर्यंत वाट बघत बसला, आणि मग तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

दोनका आत्या